भिंत पाडली, गुन्हा नाही

चिखलोलीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथली विठा म्हणजे काय सांगावी! तिनं आपली शेळी हाकलावी आणि पलीकडच्या वाडीतली गुरं माघारी वळावीत, असा आवाज.

वाडीच्या खाली नव्या इमारती उठल्या आणि त्यांच्या कुंपणाची भिंत थेट ओहोळावर आडवी आली. श्रावणातल्या एका दुपारी डोंगरावरचं पाणी भिंतीला अडलं नि उलटं वाडीत शिरलं. पहिलं घर गोदूचं. गोदू म्हातारी, कंबर मोडून खाटेला खिळलेली. पुरुष माणसं कामावर. विठाला एकटीला ती खाट उचलेना, तशी ती वॉचमनकडे धावली.

"दादा, भिंत फोडू दे, गोदू बुडंल!"

"साहेबांना विचारावं लागतंय, मावशी. फोन लागत नाय."

"मग तू फोन लावत बस. मी पहार घेते."

आणि घेतली की! खिंडार पडलं, पाणी धो-धो निघालं, गोदू वाचली.

आता पुढची गंमत ऐका. भातशेतीत आपला रिवाजच आहे: पाणी चढलं की शेजाऱ्याचा बांध बेलाशक फोडावा, पण पाणी ओसरल्यावर फोडणाऱ्यानंच तो बांधून द्यावा. विठा दुसऱ्या सकाळी चिखल-दगडांची पाटी डोक्यावर घेऊन भिंतीपाशी हजर! तिथंच धरली. इमारतींचा सुपरवायझर अल्पेश पोलिसांना म्हणाला, "बघा साहेब, गुन्हा केलाय म्हणूनच बुजवायला आली."

खटला उल्हासनगरच्या कोर्टात उभा राहिला. नवरा सोमा कानाशी लागला, "विठे, कबूल म्हण. किरकोळ दंड होईल, घरी जाऊ."

"पाडली हे कबूल. गुन्हा नाय कबूल. गुन्हेगार होऊन घरी कशाला येऊ?"

तिची वकील तेजल, नवी पोरगी, पण खमकी. तिनं कायदा मांडला: मोठं संकट टाळण्यासाठी, मनात वाईट हेतू नसताना कुणी प्रामाणिकपणे लहान नुकसान केलं, तर तो गुन्हा होत नाही. सरकारी वकील उठले, "पण बाईंनी दुसऱ्या दिवशी चूक सुधारायला जाऊन चूक मान्यच केली!"

"चूक कसली, वकीलसाहेब?" विठा पिंजऱ्यातून कडाडली. "पाडलं ते गोदूसाठी, बांधत होते ते त्या इमारतवाल्यांसाठी. दोन्ही कामं माझीच!"

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, पुन्हा पाणी भरलं तर?"

तेजलनं डोळेच मिटले.

"पुन्हा पाडीन, साहेब. पुन्हा बांधीन. भिंतीत पाणी जायला ओहोळापुरती मोरी ठेवा म्हणावं त्यांना, म्हणजे माझी मेहनत वाचंल."

कोर्टात हशा उसळला. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. नुकसान करायलाच निघालेलं माणूस दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन येत नाही, असं त्यांनी निकालात लिहिलं. निर्दोष!

बाहेर सोमानं हळूच तेजलला विचारलं, "ताई, निर्दोष म्हणजे नक्की काय?"

विठानं तिला बोलूच दिलं नाही. "म्हणजे मी पहिल्यापासून सांगत होते तेच!"