चेरीच्या बागेशेजारचा दहावा

बायकोचा दहावा आम्ही हॉलंडात केला. आर्नहेमहून गाडीने अर्ध्या तासावर नदीकाठी शेतकऱ्यांचं एक लहान गाव आहे. तिथे कावळे आहेत असं मुलाला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. कावळे होते, खोटं नाही. पण चेरी पिकली होती आणि पाखरं उडवायला बागेत गॅसची तोफ लावलेली. दर पाच मिनिटांनी धाडकन आवाज, की सगळे कावळे नदीपार.

पुण्याच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं तसं सगळं मांडलं. कागदी थाळीत भाताचा पिंड, दही, बाजूला तिच्या आवडीची कोथिंबीर वडी. मग मागे सरून उभे राहिलो.

गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी शब्द द्यायचा. सून म्हणाली, "आई, बाबांच्या गोळ्यांचं मी बघीन." काही नाही. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना मी एकटं सोडणार नाही." धाडकन. आलेले दोन कावळेही उडाले.

ती कशात अडकली होती ते मला माहीत होतं. मुलाला नव्हतं. शेवटच्या महिन्यात, इथे मुलाकडे असताना, ती तीनदा म्हणाली होती, मला घरी न्या. मुलाला मात्र मी सांगितलं, आईलाच इथे राहायचंय. मी सातवी शिकलेला, जन्म पिठाच्या गिरणीत गेला. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत तिचं आजारपण एकट्याने काढायची मला भीती वाटली. एवढंच.

तेवढ्यात बागेचा मालक आला. रबरी बूट, तोंड लाल. थाळीकडे बोट दाखवून ओरडायला लागला.

"काय म्हणतो रे?"

"म्हणतो, अख्खं गाव ज्यांना हाकलतंय त्यांना तुम्ही भात घालताय."

"त्याला सांग, आम्हाला एकच पुरे."

"बाबा, प्लीज!"

मुलगा त्याच्याशी हळू आवाजात बोलला. अर्धं डच, अर्धं इंग्रजी. त्यातला 'आई'साठीचा शब्द तेवढा मला कळला. मालकाने टोपी काढली, बागेत गेला आणि तोफ बंद केली. पंधरा मिनिटं, म्हणाला.

आता आवाज नव्हता. कावळे परत आले, आपल्याकडे असतात तसेच, करड्या मानेचे. कुंपणावर ओळीने बसले. खाली एकही उतरेना. इतका वेळ मी तोफेला शिव्या देत होतो, ती सोय गेली.

सून घड्याळ बघत म्हणाली, "गुरुजी म्हणालेत, नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून..."

"गप बस," मी म्हणालो. पुढे गेलो. गुडघे टेकले.

"तुला घरी जायचं होतं," मी म्हणालो. "तीनदा म्हणालीस. मी नेलं नाही. पोराला खोटं सांगितलं. मी घाबरलो."

 मागून मुलाचा आवाज आला. "मला का नाही सांगितलं? रजा काढून मी नेलं असतं तिला. बाबा, मी नेलं असतं."

मी उठलो, वळलो. सुनेने एकदम हात जोडले, म्हणजे मागे कावळा शिवला असणार. मुलाने तिकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता.