साताऱ्याच्या विंडोजमध्ये माझं डॉस

माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात लग्नासाठी कुंडली बघायची पद्धत बंद झाली. गण, नाडी, मंगळ, सगळ्यांना एकदम सुट्टी. पण जुळवाजुळवीची हौस अशी एका झटक्यात जात नाही. माझं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा ती माझ्यात निघाली, आणि मी मुलाचा कॉम्प्युटर बघायला गेले.

विंडोज पंच्याण्णव नवं नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही माधवनगरला राहायचो. माझे वडील, म्हणजे अण्णा, तिथल्या कापडगिरणीत मागावर होते. मी सांगलीच्या एका प्रेसमध्ये मजकूर जुळवायचे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, हळदीच्या दुकानांच्या जाहिराती. मशीन प्रेसच्या मालकांचं, पण त्याच्या पोटातलं देवनागरी कार्ड माझं होतं. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटवायची ती हिरवी पट्टी. ते कार्ड आणि फ्लॉप्या हीच माझी इस्टेट होती, आणि तिचा मला भारी गर्व होता.

स्थळ साताऱ्याचं. मुलगा शिरवळच्या कारखान्यात नोकरीला, वडील लष्करातून रिटायर झालेले हवालदार. मला बघायला आले, पसंत केलं. निघताना मुलाची आई म्हणाली, "पोरगी चांगली हाय. लग्नानंतर कामाबिमाचं काय न्हाई हं. आमच्या घरी कॉम्प्युटर हाय, कदी वाटलं तर बसंल त्याच्यावर."

कदी वाटलं तर! ते तीन शब्द मला आठवडाभर कुसळासारखे टोचत होते. मला रोज वाटायचं, सकाळी दहाला वाटायचं आणि दिवे लागेपर्यंत वाटायचं. मुलगा मलाही आवडला होता, हीच पंचाईत होती. नावडता असता तर नकार देऊन मोकळी झाले असते.

आमच्यात मुलाचं घर बघायला वडीलधारे जातात. मुलगी जात नाही. मी अण्णांना सांगितलं, मीही येणार.

"आगं, लोक काय म्हनतील? पोरगी सोताच नवऱ्याचं घर बघाय गेली?"

"घर तुम्ही बघा. मी मशीन बघते. माझं कार्ड त्यात बसलं तर होकार."

अण्णा म्हणाले, "खरं हाय तुजं. माग बघितल्याबिगर कामाला लागू नये." जन्मभर मागावर उभं राहिलेल्या माणसाला हे पटणारच होतं.

कार्ड मऊ कापडात गुंडाळून मी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि एसटीत मांडीवरून खाली उतरवलं नाही. साताऱ्याला पोचलो, जयभीम झाला, आणि मुलाच्या आईने हसतमुखाने माझ्या हातातला डबा काढून घेतला. पाहुण्यांनी डबा आणला म्हणजे त्यात लाडू असणार. मी काही बोलेपर्यंत डबा स्वयंपाकघरात गेला, झाकण उघडल्याचा आवाज आला आणि नंतर बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. मग ती डबा दोन्ही हातांत धरून बाहेर आली. "आवं, हे काय आनलंय तुमी?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला सगळं सांगावं लागलं. हवालदारांना हसू आवरेना. मुलगा मात्र डब्यात डोकावून म्हणाला, "लांब स्लॉटचं दिसतंय." मला तो आणखी थोडा आवडला.

मशीन बाहेरच्या खोलीत, विणलेल्या झालरीच्या आच्छादनाखाली झाकून ठेवलेलं. मुलाने ते काढून मशीनचं झाकण उघडलं. माझ्या कार्डाला लागणारा लांब स्लॉट, म्हणजे कार्ड खोचायची खाच, आत एकच होता, आणि त्यात साऊंड कार्ड बसलं होतं.

"ते काडलं तर गानी बंद पडतील," हवालदार म्हणाले. त्या आळीत कॉम्प्युटरवर गाणी वाजणारं ते एकमेव घर होतं, आणि त्याचा रुबाब काही कमी नव्हता.

"दुसऱ्या स्लॉटमध्ये नाही बसणार?" मुलाने विचारलं.

"नाही."

त्याने स्पीकरकडे एकदा बघितलं, पोपटाचा पिंजरा दुसऱ्याला देताना बघावं तसं. मग स्क्रू ड्रायव्हर आणला आणि स्वतःच्या हाताने ते कार्ड काढून त्या जागी माझं बसवलं. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा मी परीक्षकासारखा ठेवला. मशीन सुरू केलं तर विंडोजची नेहमीची धून वाजलीच नाही. "आज बिगुल न्हाई," हवालदार खिन्नपणे म्हणाले.

माझ्या फ्लॉप्या आत गेल्या. नमुन्यासाठी मी एक जुनी लग्नपत्रिका उघडायला सांगितली. मुलाने प्रोग्राम चौकटीत उघडला, कारण त्याला सगळं चौकटीतच लागायचं. एका कोपऱ्यात घड्याळ, दुसऱ्यात पत्त्यांचा डाव, आणि मधल्या चौकटीत माझं डॉस.

ही चौकट काय असते ते आम्हाला कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी शिकवलं होतं. विंडोज आपल्या आत एक खोटाच कॉम्प्युटर तयार करतं आणि डॉसला त्यात बसवतं. डॉसला वाटतं, अख्खं मशीन आपलंच. प्रत्यक्षात मेमरी, कीबोर्ड, पडदा सगळं विंडोजच्या ताब्यात, आणि ते देईल तेवढंच याच्या ताटात पडतं. तेव्हा मी वर्गात हसले होते. आता सोफ्यावर बसून "हे घर तुझंच समज" हे मुलाच्या आईचं वाक्य ऐकल्यावर मला ते सर आठवले.

आणि चौकटीत मराठी आलंच नाही. आले ते ठिपक्यांचे चौकोन, डोक्यावर रेघा असलेली परकी अक्षरं, मध्येच एक ग्रीक अल्फा. नवरा-नवरीच्या जागी विटांची भिंत उभी होती.

"पलटनीत लय भाषा ऐकल्या," हवालदार म्हणाले, "ही न्हाई ऐकली."

"गानी बी गेली आन हे बी असलं," मुलाची आई म्हणाली.

अण्णा फरशीकडे बघायला लागले. इथे हे चाललं नाही तर माझं काम संपलं, एवढंच डोक्यात होतं. तो साऊंड कार्ड काढणारा मुलगाही गेला आणि कामही गेलं. मग एकदम लक्षात आलं. चौकटीत अक्षरं विंडोज स्वतः काढतं, माझ्या कार्डाच्या हाती पडदा लागतच नाही. त्या बिचाऱ्याला संधीच मिळाली नव्हती.

"चौकट चालणार नाही," मी म्हणाले. "याला अख्खा पडदा लागतो."

"आणि माझं विंडोज?" मुलगा म्हणाला.

"मागे चालू राहील. दिसणार नाही."

"मी काही लावून ठेवलं असेल ते बंद पडणार नाही ना?"

"नाही. तुम्हाला हवं तेव्हा पुढे येईल."

"मग घ्या की."

मी आल्ट दाबून एंटर मारलं. पडदा क्षणभर काळा झाला. घड्याळ गेलं, पत्ते गेले, आणि काळ्यावर पांढरी, ठसठशीत मराठी पत्रिका आली. अण्णांनी मान वर केली.

मुलाची आई पोह्यांच्या बश्या उचलायला आली होती, ती तिथेच थांबली. एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचू लागली. "आमचे... येथे... मंगल... परिणय..." वाचता वाचता तिने खुर्ची ओढली. "म्हंजे ह्याच्यात आपलं बी येतंय? मला वाटलं हे समदं इंग्रजी. मी नुसतं फडकं मारायची ह्याच्यावर." शाळा तिची चौथीत सुटली होती, हे मला नंतर कळलं.

"आमची कशी लिवशील?" तिने विचारलं.

मी त्यांची लिहायला घेतली. 'सौ. व श्री.', पुढे हवालदारांचं पूर्ण नाव, मग 'यांचे चिरंजीव'. ती पडद्यावर बोट ठेवून वाचत गेली आणि पहिल्याच ओळीत थांबली.

"हे सौ. म्हंजे मीच न्हवं?"

"हो, मावशी."

"मग माजं नाव कुटाय?"

हवालदार हळूच म्हणाले, "आगं, तशीच रीत हाय." शेकडो पत्रिका मी तशाच जुळवल्या होत्या आणि मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी विचारलं, "तुमचं नाव सांगा." तिने ते फार हळू सांगितलं, त्या घरात बहुधा बऱ्याच वर्षांनी. मी कर्सर मागे नेला आणि 'सौ.'च्या पुढे ते लिहिलं. नवऱ्याचं नाव सरकून पुढे गेलं.

तिने ते तीनदा वाचलं. "जरा मोटं हुतंय का?"

"पडद्यावर नाही. छापताना होतं."

"मग छापताना कर."

निघायची वेळ झाली तेव्हा मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझं कार्ड काढायला बसला. तिने त्याच्या हातातून तो काढून घेतला. "आसू दे हितंच. पोरगीला रोज लागनार हाय." मग हवालदारांकडे वळून म्हणाली, "तुमी गानी रेडिओवर ऐका."

मी एका शब्दानेही नको म्हणाले नाही. लग्नापर्यंत सांगलीला काम कशावर करायचं, हे मला कऱ्हाड मागे पडल्यावर सुचलं. तोवर मी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत एकटीच हसत होते, आणि अण्णा झोपल्याचं सोंग घेऊन बसले होते.