नायक मारोती कशानं गेला

फौजेत मी नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका खासगी दवाखान्यात लागलो. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इन्फेक्शन कंट्रोल तुमच्याकडे. तुम्ही फौजी, शिस्त लावा."

मी लावली. ड्रेसिंगच्या आधी हात धुवायचे, नंतरही धुवायचे. बेसिन वॉर्डाच्या दाराशीच होतं. डॉक्टर असो की झाडणारी बाई, हात धुतल्याशिवाय मी कोणाला पुढं सोडत नसे. लोक वैतागायचे.

नायक मारोती शेळके त्याच वॉर्डात आला. किनवटचा, आमच्या फील्ड ॲम्ब्युलन्स युनिटचा ड्रायव्हर. बर्फातल्या रस्त्यांवरून त्यानं कितीतरी जखमी जिवंत खाली आणले होते. रिटायर होऊन शेती करत होता. मोटरसायकलवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं.

"उस्ताद, तुमी इथं हाईत म्हणल्यावर मला फिकीर न्हाई," तो म्हणाला.

तीन-चार दिवसांनी ताप चढला. पट्टीखाली हिरवट पू. शेजारच्या दोन खाटांवरही तेच. वॉर्ड बंद करा, मी म्हणालो. मीटिंग बसली.

"थिएटर स्वच्छ आहे. रिपोर्ट बघा," सर्जन म्हणाले.

"सर, आम्ही दोघी अख्खा वॉर्ड बघून राहिलो," सिस्टर म्हणाली. "किती वेळा हात धुणार?"

मॅनेजरनं नातेवाइकांवर ढकललं.

"मग जबाबदार कोण?" मी विचारलं.

फौजेत या प्रश्नाला एक नाव असतं. इथं सगळे माझ्याकडे बघत होते, आणि एक खाट हलवायचाही हुकूम माझ्या हातात नव्हता.

शेवटी वॉर्ड बंद झाला. पुवाचे, पाण्याचे नमुने लॅबला गेले. तोच जंतू सापडला दाराजवळच्या नळात. ज्या नळावर मी सगळ्यांना हात धुवायला लावत होतो, त्यात.

लॅबच्या डॉक्टर मॅडमना विचारलं, "नळातून पेशंटला लागला, का पेशंटकडून नळात गेला?"

"दोन्ही होऊ शकतं, हवालदारसाहेब."

"मग मी काय समजायचं?"

त्यांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला.

नळ बदलला, पाइप बदलले. शेजारचे दोघं बरे होऊन घरी गेले. मारोतीच्या रक्तात जंतू पसरले. औषध तिघांना एकच होतं. तो का वाचला नाही, तेही कोणी सांगू शकलं नाही.

तापात तो मला हाका मारायचा. "उस्ताद, रस्ता खुला हाय का? गाडी काढू?"

"थांब. ऑर्डर येतेय," मी म्हणायचो.

दोन दिवसांत तो गेला.

किनवटला त्याच्या शेतात अग्नी दिला. त्याच्या बायकोनं मला बाजूला बोलावलं.

"भाऊजी, तुमी तर तिथंच व्हता. कशानं गेले हे? कुनाचं चुकलं?"

"वहिनी, मला न्हाई कळलं."

खरं तेवढंच होतं.

देगलूरहून एक माजी शिपाई आला होता, एका पायाचा. त्याला मारोतीनंच खाली आणलं होतं. युनिटच्या ग्रुपवर मलाच कळवायचं होतं. आमच्या गेलेल्यांच्या नावापुढं ठिकाण असतं, शत्रू असतो. मी मोबाईल हातात धरून बसलो. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

"नाव लिवा, उस्ताद," तो शिपाई म्हणाला. "बाकी ऱ्हाऊ द्या."

मी लिहिलं: नायक मारोती शेळके, किनवट.

कोणी काही विचारलं नाही. एकामागून एक 'जय हिंद' येत राहिलं.