चार टाके मागे

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे उसवबाई म्हणत. दुसऱ्याची वाकडी टीप दिसली की ही बाई कुणाला न विचारता उसवून मोकळी व्हायची आणि वर ऐकवायची, "पोरांच्या अंगावर जायचंय ते, बुजगावण्याच्या नाही!" तोंडानं फटकळ, मनात काही न ठेवणारी. देवाशीही तसंच. सकाळी दोरा ओवताना तिची प्रार्थना चालायची आणि शेजारणीला वाटायचं, बाई मशीनशी भांडतेय.

गेले दोन महिने मात्र त्या तोंडाला कुलूप होतं. तिची धाकटी बहीण हृदयाच्या ऑपरेशनमध्ये गेली. उसवबाईनं तिच्यासाठी गुडघे टेकून, उपास करून मागितलं होतं. काय मिळालं? आणि आता तेच दुखणं घेऊन बहिणीची मुलगी त्याच इस्पितळात दाखल झाली होती. उद्या सकाळी ऑपरेशन. पोरीनं फोनवर हट्टच धरला, "मावशी, आज संध्याकाळी ये आणि माझा हात धरून प्रार्थना कर. आईसाठी केलीस तशी."

तशी! फोन ठेवून ती मशीनवर बसली खरी, पण येशूचं नावसुद्धा ओठांवर येईना. पोरीपुढे जाऊन पाठ केलेले शब्द बडबडायचे? ते तिला जन्मात जमलं नसतं.

दुपारी तपासनीस एक सदरा घेऊन आला. खांद्याची शिवण त्यानं दोन बोटांनी ओढली, तर ती सरळ उघडली. "उसवबाई, ही तुमची टीप?" हॉलभर हशा पिकला. तिनं सदरा डोळ्यांजवळ नेला. शिवताना दोरा तुटला होता आणि तिनं तुटल्या जागेपासूनच पुढे दामटलं होतं. अगं बाई! दोरा तुटला की चार टाके मागे जा, जिथं टीप पक्की आहे तिथून धर आणि तिच्यावरूनच पुढे ये, हे तीस वर्षं नव्या बायकांना ओरडून सांगणारी हीच!

उसवता उसवता तिचे हात थांबले. दोन महिने आपण करतोय काय? बहीण गेली, तिथूनच रोज सुरुवात करतोय. त्याच्या मागे काही नव्हतंच का?

होतं. नवरा घर सोडून गेला त्या दिवशी ती इथेच, कापडाच्या गठ्ठ्यांआड बसून रडली होती. "येशू, त्याला परत आण." तो आजतागायत आला नाही. पण त्या गठ्ठ्यांआड तिच्याजवळ कुणीतरी बसलं होतं. दिसलं नाही, बोललं नाही, पण होतं. त्याच जोरावर ती उठली, तोंड धुतलं आणि कामाला लागली. आणि बहिणीची शेवटची सकाळ? स्ट्रेचरवरून ती म्हणाली होती, "ताई, मला भीती वाटत नाहीये गं. खरंच." हातही कापत नव्हता तिचा. रागाच्या भरात उसवबाईनं ती सकाळच मनातून काढून टाकली होती. मागितलं ते दोन्ही वेळा मिळालं नव्हतं. पण दोन्ही वेळा येशूनं एकटं सोडलं नव्हतं. हे काही ऐकीव नव्हतं, तिच्या अंगावरून गेलेलं होतं.

तिनं सदरा पक्का करून तपासनिसाच्या हातात ठेवला. "निघते मी."

"अहो, सुट्टीला अजून तास आहे!"

"परवा भरून काढीन," म्हणत ती जिना उतरलीसुद्धा.

वॉर्डात भाची पाय पोटाशी घेऊन बसली होती, चेहरा पांढराफटक. "मावशी, तुला देवाचा राग नाही ना आला?"

"आलाय की. चिक्कार आलाय."

पोरगी दचकली. "मग?"

"मग काय? रागवायला तरी तो असावा लागतो ना? आण हात."

तिनं डोळे मिटले. "येशू, हिच्या आईला नेलंस. त्याचा जाब मी मागणार आहे. पण तू तिथं होतास, हे मी नाकारणार नाही. ही पोर मला हवी आहे. हवी म्हणजे हवी! आणि काही झालं तरी हिला एकटीला सोडायचं नाहीस. मलाही."

नर्सनं दारातून हाक दिली, भेटायची वेळ संपली. भाचीनं घाईघाईनं "आमेन" म्हटलं.

"थांब गं," मावशी डोळे न उघडताच म्हणाली, "दोन महिन्यांचं साठलंय."