वर्गात वाटलेला जबाब

२०२३ साली मी सत्तर वर्षांचा होतो आणि बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझी शाळा चौथीपर्यंतची. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा दिली की म्हाताऱ्यालाही कॉलेजात नाव घालता येतं, असं कळलं आणि मी घातलं. बायको म्हणाली, "आता काय कलेक्टर होऊन राह्यले?" म्हटलं, कलेक्टर नाही झालो तरी चालेल, पण पुस्तकात काय लिहिलंय ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

दर रविवारी सिंदेवाहीला तास असत. त्या वर्षी महाराष्ट्राचा इतिहास होता. पुस्तकात किल्ले भरपूर, लढाया भरपूर, आणि आमच्या चांद्याच्या गोंड राजांना दीड पान. त्यावरून मी सरांशी भांडलो होतो, म्हणून सर मला ओळखून होते. वयानं ते माझ्या धाकट्या पोराएवढे.

मार्चमधल्या एका रविवारी सरांनी सगळ्यांना एक झेरॉक्स वाटली. म्हणाले, "राज्याचा इतिहास फक्त राजांच्या कागदांत नसतो. हा एका म्हाताऱ्या माणसाचा जबाब आहे. दहा-अकरा वर्षांमागे एका गावानं जंगलावर सामूहिक वनहक्काचा दावा केला, त्या फायलीतला. या साधनावर विश्वास ठेवावा का, ते तपासायचं. पुढच्या रविवारी दोन पानं लिहून आणा. मार्क आहेत." सांगणाऱ्याचं नाव पट्टी लावून झाकलं होतं.

पहिल्याच ओळीला मी ओळखलं. 'आमच्या गावाची शीव माझ्या आज्यानं मला पायी फिरवून दाखवली.' माझेच शब्द. दाव्याच्या वेळी गावात माझ्याहून जुनी, शीव फिरलेली दोनच माणसं होती. एक ठार बहिरा, दुसरा साहेब दिसला की मुका व्हायचा. म्हणून मला बोलावलं होतं.

पुढच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "काय बोलला यार हा बुढा!"

मला राहवलं नाही. उभा राहिलो. "तो बुढा मीच होय."

वर्ग हसला, मग टाळ्या वाजल्या. सर पुढं आले. "बाबाजी, साधनच वर्गात बसलंय म्हणजे! मग तुम्हीच सांगा. नाल्यापलीकडची मोहाची झाडं पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच गावानं वेचली, असं यात आहे. हे तुम्हाला कसं माहीत?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की मी कशासाठी उभा राहिलो.

"आज्यानं सांगितलं," म्हणालो आणि खाली बसलो.

खिडकीजवळची एक मुलगी माझ्याकडे पाहत होती. नाल्यापलीकडच्या गोंडांच्या गावची. तिनं कागदाची घडी केली आणि वहीत ठेवली.

आमच्याकडे रीत अशी, की हंगामाआधी मोहाखालचा पाला जे घर झाडून काढतं, फुलं त्या घराची. वर्षानुवर्षं जो झाडतो त्याचंच झाड. झाडलेली जमीन हाच सातबारा. आज्यानं मला शीव दाखवली होती हे खरं. पण नाल्याच्या काठावर उभं करून तो म्हणाला होता, "इथवरी आपलं. तिकडचं ते लोक झाडतेत. तिथं हात लावाचा नाई."

आणि मी? दाव्याच्या चौकशीला आलेले साहेब विचारत गेले, मी सांगत गेलो. माझं बोलणं कुणी कागदावर उतरवून घेतंय, हे जन्मात पहिल्यांदा घडत होतं. साहेबानं विचारलं, "आणि नाल्याच्या पलीकडे?" सारा गाव माझ्या तोंडाकडे पाहत होता. म्हणालो, 'तेही आमचंच, पिढ्यान्‌पिढ्या.' दावा मंजूर झाला. पुढच्या हंगामाला आमच्या बाया टोपल्या घेऊन नाला ओलांडायला लागल्या. तिकडच्या बाया दोन-तीनदा भांडायला आल्या. कागद आमच्याकडे होता, त्या परत गेल्या.

तास सुटल्यावर बसस्टँडवर ती मुलगी जवळ आली.

"आबाजी, त्या झाडायखाली माही आजी झाडे. मी तिच्यासंगं राहो."

"तू लहान होतीस. तुले काय आठवते?"

"लहान होती. पण झाडू माह्याच हातात राहे."

"मंग लिही तसं. मार्क भेटतीन."

"लिहीन ना. पण तसं लिहिलं त सारे म्हणतीन बुढा खोटा. नाई लिहिलं त माही आजी खोटी. तुमीच सांगा, काय लिहू?"

बस लागली. मी चढलो. ती पुढं बसली, मी मागं. एकाच फाट्यावर उतरलो. ती नाल्याकडे वळली, मी गावाकडे.

घरी अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. बायकोनं विचारलं, "आज काय शिकवलं?" म्हटलं, महाराष्ट्राचा इतिहास. आणि जेवायला बसलो.

कॉलेज सोडून द्यावं, असं वाटलं. सोडलं असतं तर कुणी विचारलं नसतं, बायको तर खूश झाली असती. पण तो जबाब राहिला असता. मी मेल्यावरही फायलीत राहिला असता, आणि कुठले तरी सर त्याची झेरॉक्स वाटत राहिले असते. बाकावरची पोरं म्हणत राहिली असती, काय बोलला हा बुढा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी नाला ओलांडला. त्या मुलीची आजी ओसरीवर बसली होती.

"काऊन आले, भाऊ? आता आमचं घर बी तुमच्या शिवेत आलं का?"

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. मुलीला म्हटलं, "वही आण. नवा जबाब घे."

ती भिंतीला टेकून लिहायला लागली. मी सांगितलं, की नाल्यापलीकडची झाडं या गावाची, माझ्या आज्यानं मला तसंच सांगितलं होतं, आणि साहेबासमोर मी वेगळं बोललो.

तिचा पेन थांबला. "वेगळं लिहू?"

आजी माझ्याकडे पाहत होती.

"खोटं लिही," म्हटलं. "आन् कोणी शिकवलं नोयतं, माह्याच मनानं बोललो, हे बी लिही."

तिनं दोन प्रती केल्या. दोन्हींवर मी सही केली, पूर्ण नावानं. एक तिला दिली, तिच्या दोन पानांना जोड म्हणून. दुसरी घेऊन परत नाला ओलांडला आणि घरी न जाता आमच्या ग्रामसभेच्या अध्यक्षाच्या दारात गेलो. तो अंगणात चूळ भरत होता. कागद त्याच्या हातात दिला आणि त्याचं वाचून होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.