येतोय, पण काही झाडू नका!

जुन्या सरकारी इमारतींचे पत्रे तपासत हिंडलं की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे तर पत्र्यागणिक एक! आम्ही तिघं. मी, सॅम्पलच्या पिशव्या सांभाळणारी वैशाली आणि शिडीवर चढणारे शंकरमामा. शिरूर-दौंड भागातल्या शाळा, दवाखाने, चावड्या फिरायच्या आणि कुठल्या सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असेल ते हुडकायचं. त्याची धूळ छातीत गेली तर दुखणं वर यायला वीस-तीस वर्षंही लागतात. नुसतं बघून खात्री होत नाही. पत्रा ओला करायचा, नखाएवढा तुकडा घ्यायचा, लॅबला पाठवायचा.

शिरूरजवळच्या एका शाळेत आदल्या दिवशी फोन केला, "उद्या येतोय." झालं! साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी व्हरांड्याचे सगळे पत्रे तारेच्या ब्रशनं घासून ठेवले. वर्गातल्या बाकांवर पांढरी धूळ, आणि हे खुशीत, "बघा, शेवाळ नावाला न्हाई!" मी त्यांच्यावर ओरडलोच. रात्रभर वाईट वाटलं, कारण फोन मीच केला होता. तेव्हापासून फोनवर पहिलं वाक्य, "येतोय, पण काही झाडू नका!"

एका चावडीत बसलेल्या म्हाताऱ्या आप्पांना तुकड्याचं समजावलं. आप्पांनी काठी घातली आणि कडेचा हातभर पत्रा काडकन मोडून दिला. "घ्या! लॅबवाल्यास्नी कमी पडाया नको!"

मामांचं मात्र वेगळंच. पत्र्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "ह्यो हाय." रिपोर्ट दरवेळी तसाच यायचा. वैशालीनं एकदा विचारलंच, "मामा, तुम्हाला कसं कळतं हो?"

"मीच बसवल्यात की! पंधरा वरसं हातकरवतीनं कापलं. सांजच्याला घरी गेलो की बायको वळखायची न्हाई, पार पांढरा!"

आम्ही हसलो. हसता हसता मामांना ठसका लागला, तो लवकर थांबेना.

मला त्या खोकल्याची धास्तीच बसली. शिडीच्या दर तिसऱ्या पायरीला मामा थांबायचे. एक्स-रे काढा म्हटलं की, "काम उरकू द्या." शेवटी वैशाली चिडली, "गावाला शहाणपण सांगता आणि स्वतः? आता शिडी धरणार नाही मी!"

मागच्या सोमवारी मामा एक्स-रेसाठी दौंडच्या दवाखान्यात आले. सोबत मामी. सोबतीला आल्या असतील, असं आम्हाला वाटलं. मामी बाकावर बसून पदर तोंडाला लावून बारीक बारीक खोकत होत्या.

आतून नर्सताईंनी मामांचं नाव पुकारलं. मामा उठले. मामींच्या दंडाला धरून त्यांनाच दारापाशी नेलं.

"माझा मागनं काढा, ताई. आधी हिचा काढा. पंधरा वरसं माझी कापडं हीच झाडायची."