कॅनडाची चौकशी

इंजिन खोलून पुन्हा बांधलं की दोन-चार नटबोल्ट हमखास उरतात. ते कुठले, हे विचारायचं नसतं. गिऱ्हाईक समोर असताना तर अजिबातच नाही! पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकायचे आणि ट्रॅक्टर चालू करून द्यायचा. किश्श्यांचंही तसंच होतं. काम आपल्या वाटेनं पुढं जातं, किस्से ट्रेमध्ये उरतात. आमच्या गजाननच्या कॅनडाच्या पीआरचे इतके उरलेत, की ट्रे आता एका माणसाला उचलत नाही.

अमरावतीत बडनेरा रोडला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. शेजारी दादारावचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप. गजानन तिथला हेड मिस्त्री, मूळचा तेल्हाऱ्याचा. दुपारचा चहा आम्ही तिथंच घेतो, ट्रॅक्टरच्या टायरवर बसून. दादाराव माझ्याविषयी म्हणतो, "विनूभाऊ सांगते त्यातलं अर्धं खरं असते." कोणतं अर्धं, ते त्यालाही ठाऊक नाही.

तर झालं असं, की गजाननचा साडू कॅनडात असतो. एकदा त्यानं व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं, गाडी दाखवली, अंगणातला बर्फ दाखवला. गजानन म्हणे, "थे राहू दे. तुह्या मागं लाल काय उभं हाय?"

शेजाऱ्याचा ट्रॅक्टर होता. घराएवढा!

"हा बिघडला तं कोन पाह्यते?"

"अरे, मेकॅनिकच भेटत नाही इकडं. मागच्या खेपेस महिनाभर उभा होता."

गजाननला जेवण गेलं नाही. बिघडलेला ट्रॅक्टर महिनाभर उभा, आणि त्याच्याकडं बघायला कोणी नाही! दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये येऊन त्यानं जाहीर केलं, "काका, मी पीआरचा अर्ज करून राहिलो. कायमचं तिकडं राहाची परवानगी."

दादाराव म्हणाला, "कर. पन आधी थो क्लच बसव."

*

तिकडं जायचं तर आधी मार्क मोजतात. वयाचे, शिक्षणाचे, अनुभवाचे, इंग्रजीचे. एका दुपारी आम्ही सगळ्यांनीच मोबाइलवर आपापले मार्क काढले. माझ्या वयाला शून्य पडलं! मी म्हटलं, जन्मतारीख पुन्हा टाकून पाहा. पुन्हा शून्य. दादाराव माझ्याहून मोठा, पण शून्याच्या खाली जायची सोय त्या मोबाइलमध्ये नव्हती, म्हणून वाचला.

गजाननचे मात्र थोडक्यात अडत होते. तेवढ्यात त्याची बायको सुषमा डबा घेऊन आली. ती एमए, बीएड. अर्जात बायकोच्या शिक्षणाचेही मार्क धरतात, हे तिनंच शोधून काढलं आणि स्वतःच टाकले. आकडा टुणकन वर गेला.

गजानन उडालाच! "अवो, तुह्या एमएचे मार्क भेटले!"

सुषमा डबा उघडत शांतपणे म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कोनी तरी इचारलं का बाई, तुहं शिक्षण काय. थेही कॅनडानं!"

*

इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. अमरावतीत क्लासेसचा काही तोटा नाही, पण गिऱ्हाईकं पाहतील म्हणून गजाननला लाज वाटे. त्यानं अकोल्याचा क्लास धरला. माल आणायला मलाही अकोल्याला जावं लागतं, म्हणून रविवारी आम्ही एकाच एसटीनं जायचो. मॅडमनी त्याला सक्त ताकीद दिली होती, की घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत मराठी बंद!

कंडक्टर आला. गजानन म्हणे, "टू अकोला."

"सुटे दे ना गा."

"सॉरी. आय नो अंडरस्टँड मराठी."

कंडक्टरनं त्याला टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं. नखातलं ग्रीस पाहिलं. मग खणखणीत इंग्रजीत म्हणाला, "देन गेट डाऊन ॲट मूर्तिजापूर अँड अंडरस्टँड!"

गजाननला मूर्तिजापूर यायच्या आतच मराठी समजली.

*

क्लासमध्ये वेगळीच पंचाईत. आमचा वऱ्हाडी माणूस एरवी तासभर बोलेल, पण प्रश्न विचारला की नेमकं उत्तर देऊन मोकळा!

मॅडम इंग्रजीत विचारत, "तुम्हाला तुमचं गाव आवडतं का?"

"येस."

"का आवडतं?"

"माय होम इज देअर."

"मिस्टर गजानन, जरा विस्तारानं सांगा."

"मॅडम, घर तिथं हाय, याच्यावर अजून काय सांगू?"

प्रत्यक्ष परीक्षेत त्याला तुमच्या आदर्श व्यक्तीविषयी बोला म्हणून सांगितलं. गजाननला दुसरं कोण सुचणार? "माय काका दादाराव. ही इज व्हेरी गुड मॅन. डेली ही इज शाउटिंग."

परीक्षक बाईंनी भुवया उंचावल्या. रोज का ओरडतात?

"मॅडम, इंजिन इज ऑल्सो शाउटिंग!"

पास झाला!

*

तेल्हाऱ्याहून त्याच्या आईचा फोन आला. "पोरा, तिकडं भल्ली थंडी असते म्हन्तेत. तू आखडून जाशीन." दिवस मे महिन्याचे. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. दादारावनं तोडगा काढला : आधी थंडीची रंगीत तालीम! ओळखीच्या एका व्यापाऱ्याचं संत्र्यांचं कोल्ड स्टोरेज होतं. त्याला विचारलं, तो बिचारा हो म्हणाला. गजाननला धीर द्यायला म्हणून दादाराव, मी आणि समोरचा पंक्चरवाला, सगळेच आत गेलो.

थोड्या वेळानं गजानन कुडकुडत बाहेर आला. "भेटली थंडी. चाला आता."

कोण निघतं! मी एका क्रेटवर बसलो होतो. पंक्चरवाल्यानं दुसऱ्या क्रेटवर ताणून दिली होती. शेवटी व्यापारी स्वतः दारात येऊन ओरडला, "अबे, तालीम त्याची होती ना? तुमी काहून बसून राहिले? निघा बाहेर!"

क्रेटांच्या मागून दादारावचा आवाज आला, "आमीही पीआरचा अर्ज केला हाय!"

*

मग आलं मालकाचं पत्र. गजानन अमुक वर्षांपासून आमच्याकडं आहे, अमुक कामं करतो, असं दादारावनं लिहून द्यायचं होतं. तो सांगणार आणि मी त्याचं इंग्रजी करून टाइप करणार.

"लिहा. गजानन इमानदार हाय. हुशार हाय. रागीट हाय."

मी म्हटलं, "रागीट कशाला लिहायचं?"

"काहून, नाही का?"

ट्रॅक्टरखालून गजानन ओरडला, "मी बिल्कुल रागीट नाही!" आणि एक पाना सणसणत बाहेर आला.

"लिहा," दादाराव म्हणाला.

रागीटचं इंग्रजी मी "कामाविषयी अत्यंत तळमळीचा" असं केलं. दादारावनं सही ठोकली.

पण क्लासच्या मॅडमनी पुढचं सांगितलं, तेव्हा गजाननचा चेहरा उतरला. व्हिसा ऑफिसवाले कधीकधी मालकाला थेट फोन लावून चौकशी करतात. तोंडी!

*

आता गजानन का घाबरला, ते कळायला तुम्हाला दादाराव कळला पाहिजे.

आमच्याकडं सोयरीक जमवताना पोराची चौकशी करतात. घरच्यांना विचारून काय उपयोग, म्हणून बाहेरच्या चार माणसांना विचारतात. या भागातला कुठलाही पोरगा असो, चौकशी दादारावकडं येतेच, कारण सगळ्यांचे ट्रॅक्टर त्याच्याकडं येतात. आणि दादाराव खोटं बोलत नाही. त्यामुळं किती सोयरिकी मोडल्या, त्याचा हिशोब नाही!

नांदगाव खंडेश्वरच्या एका पोराची अशीच चौकशी आली होती. पाहुणे म्हणाले, "पोरगा कसा हाय?"

"पोरगा सोनं हाय," दादाराव म्हणाला. "शेती चांगली. व्यसन नाही. फक्त मायसमोर उभा राह्यला, की पोरगा हाय का गाय हाय, थे समजत नाही."

मोडली! पोराचा बाप भांडायला आला. दादाराव त्याला म्हणाला, "मले इचारू काहून देलं? दुसऱ्याकडे पाठवाचं!"

पण गंमत पुढं आहे. वर्षभरानं तोच बाप पुन्हा आला. आता त्याच्या मुलीसाठी स्थळ आलं होतं. हळूच म्हणाला, "दादाराव, त्या पोराची चौकशी तुमीच करा. तुमी खोटं सांगत नाही."

तर अशा माणसाच्या जिभेवर गजाननची अख्खी फाइल! इंग्रजी झालं, मार्क झाले, सुषमाचं एमए कामी आलं, आता सगळं एका फोनवर. शिवाय गजानन गेला तर वर्कशॉपचा उजवा हात जाणार, हे दादारावलाही दिसत होतं. मी आपला आगीत तेल ओतायला मोकळाच. म्हटलं, "गजानन, एक वाकडा शब्द निघाला ना, की तू जन्मभर इथंच क्लच बसवत राहशील."

सुषमानं त्याला सुचवलं, "काकाले नीट समजावून ठेवा ना, काय बोलाचं थे."

गजानन म्हणे, "त्याइले कोन समजावन? ट्रॅक्टरले समजावनं सोपं हाय!"

*

फोन आला तो भर दुपारी. दादाराव, मी आणि सुषमा चहाला बसलो होतो. गजानन ट्रॅक्टरखाली. दादारावचे हात ग्रीसनं माखलेले, म्हणून स्पीकर मीच चालू केला. व्हिसा ऑफिसातून बाई बोलत होत्या, हिंदीत. गजानन आपके यहाँ काम करते हैं?

"करता ना. ये क्या, सामनेच पडा है."

"पड़े हैं? क्या हुआ उन्हें?"

"ट्रॅक्टर के नीचे पडा है. कामच वो है उसका."

ट्रॅक्टरखालून पान्याचा आवाज थांबला.

बाईंनी विचारलं, काम काय काय करतो? दादारावनं इंजिनापासून मागच्या एक्सलपर्यंत सगळं सांगितलं. छान चाललं होतं. बाई आभार मानायला लागल्या, आणि दादाराव म्हणाला, "रुको. एक बात रह गई. लडका रागीट है."

गजानन बाहेर सरकत आला आणि कपाळाला हात लावून तिथंच बसला. सुषमानं पदर तोंडावर धरला.

"लेकिन," दादाराव म्हणाला, "मशीन पे रागाता है, आदमी पे नहीं. पाना फेंकता है, तो भी बाजू से फेंकता है. मेरे को आज तक नहीं लगा. अब मेरी चौकशी."

"जी?"

"तुमने पूछा, मैंने बताया. अब मैं पूछता, तुम बताव. लडका हमारा है. वहाँ बिमार पडा तो कौन देखेगा? ठंडी में जेवन गरम मिलेगा क्या? उसकी बायको एमए है, बीएड है. उसको घर में बिठाके तो नहीं रखोगे ना?"

सुषमाचा पदर खाली आला.

बाई गडबडल्या. "सर, ये सब हमारे काम में नहीं आता. हम सिर्फ़ जानकारी लेते हैं."

दादारावनं एक सुस्कारा सोडला. अशा वेळी पोरीसोरींशी बोलून काही होत नाही, हे त्याला अनुभवानं ठाऊक. अगदी प्रेमानं म्हणाला, "बेटा, तुम्हारे घर में कोई बडा है क्या? उसको फोन दो."

संपलं! मी डोळे मिटले. फोनमधून नुसतं संगीत वाजायला लागलं. गजानन म्हणाला, "गेली फाइल." सुषमानं हातातला कप खाली ठेवला.

संगीत थांबलं. एक जाडजूड, वयस्क आवाज आला.

"नमस्कार जी. मैं बड़ा बोल रहा हूँ. कहिए."

दादाराव ताडकन उभा राहिला. धोतराला हात पुसले, टोपी सरळ केली, माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद करायला लावला आणि थेट समोरच्या कडुनिंबाखाली गेला. आम्हाला नुसते हातवारे दिसत होते. एकदा त्यानं गजाननकडं बोट दाखवलं. एकदा सुषमाकडं. मध्येच हसला. मग बराच वेळ नुसताच ऐकत राहिला, मान हलवत.

परत आला, तेव्हा चेहरा लग्न ठरवून आल्यासारखा. "जमलं," म्हणाला. "चहा सांगा अजून एक खेप."

"काका, पन बोलले काय थे?" गजानननं विचारलं.

"मोठ्या मानसाइचं बोलनं हाय. तू क्लच पाह्य."

कितीही खोदलं तरी तो सांगेना. मी नंतर त्याला गिला वडा चारून पाहिला, तरी नाही!

मग वाट पाहण्यात उन्हाळा गेला, पोळा गेला, दसरा गेला. गजानन दिवसातून दहा वेळा मोबाइल काढायचा. दादाराव मात्र एकदाही विचारत नव्हता.

आणि एक दिवस सुषमा डब्याशिवायच धावत आली. मेल तिच्या मोबाइलवर आला होता. पायरीवरच बसली आणि मोबाइल गजाननपुढं धरला. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग ट्रॅक्टरकडं पळाला.

"काका! झालं! पीआर झाला!"

दादारावचं डोकं बॉनेटखाली होतं. त्यानं ते वर काढलं नाही.

"त्यात काय नवीन?" आतून आवाज आला. "त्याइच्या मोठ्या मानसानं मले शब्द देल्ला होता. आन थो पाना दे इकडे."